शनिवारचं लोखंड

मिरजगावच्या प्राथमिक शाळेतले आप्पासाहेब गुरुजी अंधश्रद्धेच्या इतके विरोधात होते, की मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम पुढे जात. एखादं मांजर कडेला घुटमळत असेल, तर ते आडवं जाईपर्यंत गुरुजी थांबून राहत. वीस वर्षं त्यांनी चौथीचा वर्ग सांभाळला होता आणि त्या वीस वर्षांत दोन गोष्टींसाठी नाव कमावलं होतं. एक, त्यांचं अक्षर. ग्रामपंचायतीची पाटी, लग्नपत्रिकांची पाकिटं, दुकानांवरचा ‘आज रोख उद्या उधार’ हा मजकूर, सगळं त्यांच्याच हातचं. दुसरी गोष्ट म्हणजे, माहीत नसलेल्या विषयावर ते माहीत असलेल्या विषयापेक्षा जास्त वेळ बोलू शकत.

१९७४ च्या जानेवारीत त्यांचे मामा छगन मिस्त्री वारले, तेव्हा गुरुजींना दुःख झालं आणि तेराव्याच्या जेवणानंतर ते ओसरलं. ओसरण्याचं कारण सोलापूर रस्त्याला लागून असलेला मामांचा गाळा. तीस फूट लांब, दगडी भिंती, वर पत्रा, पुढे ट्रक उभा राहील एवढी जागा. मामांना मूलबाळ नव्हतं. गाळा आता मामी मालनबाईंच्या नावावर, आणि मामी गुरुजींच्या शब्दाबाहेर नाहीत, असं गुरुजींना वाटत होतं.

त्या साली दुष्काळ सरला होता, विहिरींना पाणी होतं आणि खत कुठेच नव्हतं. एका पोत्यासाठी माणसं श्रीगोंद्यापर्यंत सायकल मारत. अशा वेळी एका खत कंपनीला मिरजगावात एजन्सी द्यायची होती. अट एकच, रस्त्याला लागून कोरडा, मोकळा गाळा हवा. गुरुजींनी अर्ज पाठवला. अर्थात पत्नी रतनबाई यांच्या नावाने. जिल्हा परिषदेचे शिक्षक धंदा करत नाहीत, त्यांच्या बायका करतात. कंपनीचं उत्तर आलं, की फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी साहेब गाळा बघायला येतील.

गुरुजींनी ते कार्ड खिशात ठेवलं आणि दिवसातून चार वेळा वाचलं. आयुष्यभर त्यांना कुणी ना कुणी ‘गुरुजी, जरा सरकून बसा’ म्हणत आलं होतं. आता टेबलामागे ते बसणार होते आणि समोर आप्पासाहेब, आप्पासाहेब करत बागायतदार उभे राहणार होते. त्यांच्यात आणि त्या टेबलात फक्त एक अडचण होती. गाळा लोखंडाने छपरापर्यंत भरलेला होता.

छगन मिस्त्री आधी ट्रकवर क्लीनर, मग नगरच्या लष्करी वर्कशॉपात हमाल, मग बघून बघून मिस्त्री झालेला माणूस. दुसरं महायुद्ध संपल्यावर नगरला लष्कराच्या जुन्या सामानाचे लिलाव निघाले, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन त्यांनी बैलगाडी भरून हत्यारं आणली. तिथून त्यांना नाद लागला तो लागलाच. पाने, पकडी, जॅक, चेनपुली, काम घट्ट धरून ठेवणारे शेगडे ही कामाची हत्यारं तर होतीच. पण सतरा ट्रकचे सतरा भोंगे होते. भंगारात गेलेल्या मोटारींच्या नंबरप्लेटी भिंतभर खिळ्यांवर टांगलेल्या होत्या. वेगवेगळ्या मैलांवर कायमचे थांबलेले नऊ मीटर होते. आणि एका अँबॅसेडरचं स्टिअरिंग होतं. अँबॅसेडर कधीच नव्हती. मामा दुपारी जेवण झाल्यावर खाटेवर बसून ते चाक हातात धरत, आणि मालनबाई विचारत, “कुठवर आली गाडी?”

“विकून टाकू सगळं,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही आमच्याकडे येऊन राहा, मामी. आता या वयात एकटीनं कशाला?”

मालनबाई तांदूळ निवडत होत्या. “म्हंजे तू खत वीक, आन् मी तुज्या घरची धुणी धुते. आसंच ना?”

“तसं नाही, मामी.”

“मग कसं?” त्यांनी खडा काढून अंगणात टाकला. “वीक बाबा. अठ्ठावीस वर्सं त्या लोखंडात पाय ठेचत आले मी. पर इकायच्या आदी मला इचार. कशाला काय म्हंत्यात, ते तुला ठावं न्हाई.”

गुरुजींनी मान डोलावली आणि विचारलं नाही. ज्या बाईला सही करता येत नाही तिला काय विचारायचं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी तसं म्हटलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

नगरचे भंगारवाले बाबाजानशेठ गुरुवारीच येऊन गेले. साठीचे, दाढी मेंदीने लाल, छगन मिस्त्रींचे जुने दोस्त. त्यांनी गाळ्यात एक फेरी मारली, दोन-चार हत्यारं हातात घेऊन पारखली आणि सगळ्याची मिळून एक रक्कम सांगितली.

गुरुजी हसले. “शेठ, हे भंगार नाही, हा संग्रह आहे. शनिवारी जाहीर विक्री आहे. एक वस्तू, एक दर. यायचं तर तेव्हा या.”

बाबाजान दारातच थांबले. “शनिवारी?”

“शाळा सकाळची असते. अकराला सुटते.”

“गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात,” बाबाजान म्हणाले आणि पुढे काही न बोलता बसच्या थांब्याकडे गेले. गुरुजींनी तो कौतुकाचा शब्द समजला.

दोन दिवस खपून गुरुजींनी एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्या लिहिल्या. पुठ्ठ्याचे चौकोन, काळी शाई, वळणदार अक्षर, वर सुतळी. जी वस्तू चकाकत होती तिला भारी दर लावला, जी काळी आणि तेलकट होती तिला हलका. भोंगे पंधरा रुपये. अँबॅसेडरचं चाक चाळीस. काळ्या जॅकला सहा. काही वस्तूंची नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण नाव नसलेली वस्तू यादीत कशी बसणार? मग त्यांनी लिहिलं, ‘दातेरी लोखंडी चाक, शोभेचे.’ ‘लांब दांडा, बहुधा मारण्याचा.’ क्रमांक एक्केचाळीस ही वस्तू तर उलट्या ठेवलेल्या तिवईसारखी होती, तीन वाकडे पाय आणि मधून जाडजूड आटे पाडलेला बोल्ट. गुरुजींनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि लिहिलं, ‘तीन पायांचे यंत्र. उपयोग अज्ञात. रु. २.’

शुक्रवारी त्यांना आणखी एक सुचलं, आणि त्यांना जे सुचे त्याचा त्यांना फार अभिमान असे. छगन मिस्त्री माणूस भिडस्त. पंचक्रोशीतल्या कुणीही काही मागितलं की देत, आणि परत मागायला लाजत. म्हणजे अर्धा संग्रह लोकांच्या घरात पडलेला. त्यांनी भिमाजी कोतवालाला गाठलं आणि दवंडीचा मजकूर स्वतः लिहून दिला. ‘छगन मिस्त्री यांचे साहित्य शनिवारी विकणे आहे. तसेच ज्यांनी मयताकडून कोणतेही हत्यार नेले असेल, त्यांनी ते शनिवारी गाळ्यावर आणून द्यावे.’

भिमाजीने कागद डोळ्यांजवळ नेला. “गुरुजी, शनवार लिव्हलाय.”

“मग? काय चुकलं?”

“चुकलं न्हाई. शनवारी लोखंड कोन घेतो का?”

“भिमाजी, तू दवंडी पीट. लोखंडाला वार कळत नाही.”

हे वाक्य गुरुजींना इतकं आवडलं की त्यांनी ते शाळेत, पिंपळाखाली आणि न्हाव्याकडे, तिन्ही ठिकाणी वापरलं.

शनिवारी साडेअकराला गुरुजी धुतलेलं धोतर नेसून गाळ्यात आले, तेव्हा बाहेर चाळीसेक माणसं होती. गुरुजींचा ऊर भरून आला. त्यांनी टेबल मांडलं, मागे बसून पाहिलं, उठले, परत बसले. खुर्ची त्यांना बरोबर बसत होती.

माणसं आत आली. चिठ्ठ्या वाचल्या. हसली. पाने हातात घेतले, बोटं फिरवली आणि परत ठेवले. अर्धा तास झाला तरी कुणी कमरेच्या पिशवीला हात लावला नाही.

“घ्या की,” गुरुजी म्हणाले. “दर बघा. नगरला दुप्पट पडेल.”

“दर झ्याक हाय,” एकजण म्हणाला. “वार वंगाळ हाय.”

गुरुजी उभे राहिले. चाळीस माणसं समोर आणि विषय विज्ञानाचा, असा योग शाळेत येत नाही. शनि हा सूर्यापासून किती लांब आहे, त्याच्याभोवती कडी कशी आहेत, आणि एवढ्या लांबून त्याला मिरजगावातला एक पाना दिसणं कसं शक्य नाही, हे त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं. माणसांनी मन लावून ऐकलं. ‘बराबर हाय’ म्हणून माना डोलावल्या. एकाने तर ‘लई भारी सांगितलं’ असंही म्हटलं. आणि एकानेही काही विकत घेतलं नाही.

तेवढ्यात पुंजाराम आला. मिरजगावातला सगळ्यात तिखट जिभेचा शेतकरी, छगन मिस्त्रींचा जुना मैतर. डोक्यावर पोतं, पोत्यात जड काहीतरी. त्याने ते गुरुजींच्या टेबलावर आदळलं. टेबलाचा एक पाय हलला.

“हा जॅक. साहा वर्सं झाली नेऊन. घ्या.”

“वा!” गुरुजी म्हणाले. “याला म्हणतात प्रामाणिकपणा.”

“परामानिकपना कशाचा? मेलेल्या मानसाचं लोखंड घरात, आन् त्यात तुमी शनवारी मागितलं. शनवारी लोखंड घरात आनू नये, पर घरातून काढायला ह्याच्यासारका वार न्हाई. पीडा जाते.” तो वळला आणि मालनबाईंना म्हणाला, “वैनी, माज्या डोक्यावरचं उतरलं बगा आज.”

मालनबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. “डोक्यावरचं उतरलं, पर भावजी, त्याचा दांडा कुठंय?”

“दांडा घरी ऱ्हायला.”

“मग आर्दीच पीडा गेली तुमची.”

दोघं हसली. गुरुजी हसले नाहीत, कारण रस्त्यावरून आणखी तीन बैलगाड्या येताना त्यांना दिसल्या.

दुपारी दोनपर्यंत काय झालं ते गुरुजींच्या कुठल्याच यादीत बसणारं नव्हतं. पंचक्रोशीतली माणसं मयताचं लोखंड परत करायला निघाली होती. सायकलवरून, गाडीतून, डोक्यावरून. पहारी आल्या. पंप आले. ज्या चेनपुलीने चार गावच्या विहिरींत इंजिनं उतरवली ती चेनपुली चौघांनी उचलून आणली. कुणी जाता जाता घरचा मोडका नांगराचा फाळही टाकून गेलं, पीडा जाणारच आहे तर सगळीच जाऊ दे म्हणून. “मिस्त्रींचं न्हाई हे,” मालनबाई म्हणायच्या. “आसू द्या मावशी,” म्हणून माणूस निघून जायचा. प्रत्येक वस्तू आली की त्या बसल्या जागेवरून तिचं नाव सांगायच्या, ती कुणी कधी नेली ते सांगायच्या, आणि आणणारा कान धरायचा.

पुंजारामने जाता जाता एक्केचाळीस क्रमांक उचलला. “आरं, हा तर...”

“चिठ्ठीवर लिहिलंय ते वाचा, पुंजाराम,” गुरुजी त्रासून म्हणाले.

पुंजारामने वाचलं. गुरुजींकडे पाहिलं. आणि यंत्र जागेवर ठेवलं. पुंजाराम गप्प बसला, हे गावात पहिल्यांदाच घडत होतं, पण गुरुजींना ते लक्षात घ्यायला फुरसत नव्हती.

चारला बाबाजानशेठ आले. त्यांना बघून गुरुजी जवळजवळ धावले. “शेठ, बरं झालं आलात. तुम्हाला काही शनि नाही. उचला सगळं. गुरुवारची रक्कमही चालेल.”

बाबाजान दाढी खाजवत गाळ्याकडे बघत राहिले. सकाळी गाळा छपरापर्यंत भरलेला होता. आता तो उंबऱ्याबाहेर आला होता. “गुरुजी, मला शनि नाही, खरं आहे. पण माझ्या गिऱ्हाइकांना आहे. चाळीस वर्षं नगरात धंदा करतोय, शनिवारी काटा लावला तर सोमवारी दुकानात कोण येणार? शनिवारी माझा काटा बंद असतो. गुरुवारी हेच सांगणार होतो. पण तुम्ही शिकलेले.”

रविवारी गुरुजी पहाटेच गाळ्यावर आले. साहेब यायला एकच दिवस उरला होता आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. बाबाजानशेठही ट्रक घेऊन आले. पण त्यांच्या आधीच दहा-बारा माणसं गाळ्यासमोर उभी होती, आणि सगळ्यांत पुढे पुंजाराम.

“घ्या, आज रविवार!” गुरुजी ओरडले. “काय काय घेता?”

“जॅक पायजे.”

“सहा रुपये.”

“इकत नको. दोन दिसांसाठी पायजे. काल नेऊन दिला, आज गाडीचं चाक बसलं. आता मी काय करू?”

“तुम्ही विकत घ्या ना मग!”

“दोन दिसांच्या कामासाठी जन्माचा जॅक कोन इकत घील? मी काय मिस्त्री हाय?” पुंजारामच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाला चेनपुली, कुणाला पहार, कुणाला शेगडा. काल दिलेलंच आज परत हवं होतं. पीडा एक रात्र बाहेर राहिली होती तेवढी पुरे होती.

“शेठ,” गुरुजी बाबाजानकडे वळले, “भरा ट्रक. सगळं भरा.”

मालनबाई उंबऱ्यावरून उठल्या. त्या फार क्वचित उठत, म्हणून सगळे तिकडे वळले.

“आप्पा, गाळा कुनाच्या नावावर हाय?”

“तुमच्या, मामी. पण सोमवारी साहेब...”

“काल दिसभर मानसं येत हुती. एकानं तरी इकत घेतलं का? सगळ्यांनी आनून दिलं आन् आज सगळ्यांनाच पायजे. ज्याचं गिऱ्हाईक दारात उबं हाय ते भंगारात घालायला मी काय यडी हाय?” त्या पुंजारामकडे वळल्या. “भावजी, जॅक न्या. दिसाला रुपाया. दांडा तुमच्याकडंच हाय. मिस्त्री लाजायचं, मी लाजत न्हाई.”

“वैनी, रुपाया लई हुतो.”

“मग चाक हातानं उचला.”

बाबाजानशेठ मोठ्यानं हसले. “भाभी, मग माझा ट्रक रिकामा नेऊ?”

“रिकामा कशापायी? त्यो सतरा भोंग्यांचा ढीग न्या, नंबराच्या पाट्या न्या, मीटरं न्या. त्येचा ह्या गावात कुनाला उपेग न्हाई.” त्यांची नजर चाकावर गेली. “ते बी न्या. गाडी काय आली न्हाई.”

बाबाजाननी चाक उचललं, क्षणभर हातात धरलं आणि ट्रकात टाकलं. दर भंगाराचाच दिला. ज्या वस्तूंना गुरुजींनी सगळ्यात भारी दर लावला होता, त्या तासाभरात किलोवर गेल्या. ज्यांना सहा रुपये लावले होते, त्या गाळ्यातून हलायला तयार नव्हत्या.

सोमवारी अकराला कंपनीचे साहेब आले. गुरुजी शाळेतून रजा काढून कोट घालून उभे होते. साहेबांनी गाळा पाहिला, आतलं लोखंड पाहिलं, दारात पहारीसाठी उभी असलेली रांग पाहिली, आणि रांगेला दर सांगणारी बाई पाहिली.

“आम्हाला मोकळा गाळा लागतो,” ते म्हणाले.

“होईल, साहेब, आठवडाभरात होईल.”

“पण इथे धंदा चालू आहे की. आणि चांगला चालू आहे.” साहेब मालनबाईंकडे वळले. “बाई, एजन्सी तुमच्या नावावर घेता का? गिऱ्हाईक तर तुमच्याकडे आयतंच आहे.”

गुरुजी घाईने दोघांच्या मध्ये सरकले.

“खत नगं बाबा,” मालनबाई म्हणाल्या. “लोखंडाला वास नसतो.”

एजन्सी शेवटी रस्त्यापलीकडच्या आसारामला मिळाली. त्याच्या गाळ्यात फक्त एक शेळी होती, आणि ती साहेब चहा पिईपर्यंत बाहेर काढता आली.

त्या आठवड्यात गुरुजी फार बोलले नाहीत. मांजरासाठी थांबलेही नाहीत. पण त्यांच्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला होता. शनिवारी विक्री ठरवली, एजन्सी गेली. शनिवारी भाषण केलं, तेही चाळीस माणसांसमोर, तेही शनीचं अंतर सांगून. हा योगायोग आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा बुडवून, घरी नगरला शैक्षणिक काम आहे असं सांगून, ते पहाटेच्या एस.टी.त बसले. पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली होती. नुसतं तेल देऊन भागणार नाही असं वाटून त्यांनी गाळ्यातून जाताना एक लोखंडी वस्तूही उचलली होती. मामींचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम अशी वस्तू निवडली, जिचा कुणालाच उपयोग नाही. तसं त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं.

मिरजगावचं कुणी भेटू नये म्हणून ते नगरला बस बदलून घोडेगावला उतरले आणि उन्हातून चालत शिंगणापूरला गेले. रांगेत उभे राहिले. तेल वाहिलं, यंत्र शिळेपुढे ठेवलं आणि वळले, तर मागे तेलाची वाटी घेऊन पुंजाराम उभा होता.

“गुरुजी! तुमी?”

“मी... अभ्यासासाठी आलो होतो. लोकांच्या समजुतींचा.”

“आस्सं व्हय,” पुंजाराम म्हणाला. “मग बराबर. तेल बी अभ्यासाचंच आसंल.” मग त्याचं लक्ष शिळेपुढे गेलं, आणि त्याचं हसू मावळलं. “गुरुजी, हे काय केलं तुमी?”

संध्याकाळी गुरुजी मिरजगावला उतरले, तेव्हा गाळ्यासमोर पुंजारामचं ऑइल इंजिन बैलगाडीत उघडं पडलेलं होतं. पुंजारामचा मुलगा आणि मालनबाई इंजिनाच्या चाकाला खेटून उभे होते. बेरिंग शाफ्टवर घट्ट बसलं होतं आणि हातोड्याने निघत नव्हतं.

“आप्पा,” मालनबाईंनी मान वर केली, “बेरिंग वडून काढायचा पुलर कुठं दिसला का तुला? तीन पायांचा. बारा गावांत तेवढा एकच हाय.”

गुरुजींनी पिशवी पाठीमागे घेतली. बसमधून मागोमाग उतरलेला पुंजाराम बोलला. सगळं बोलला, अभ्यासासकट.

मालनबाईंनी पदराला हात पुसले. त्या रागावल्या नाहीत, आणि गुरुजींना तेच जड गेलं.

“मग आता जाऊन घिऊन ये.”

“मामी, देवाला वाहिलेलं परत कसं मागायचं?”

“चिठ्ठी दाखव की. बांदलेलीच आसंल आजून. तुज्याच अक्षरात लिव्हलंय, उपयोग अज्ञात. देव तरी काय करनार त्येचं?” त्या परत इंजिनाकडे वळल्या. “आन् सकाळच्या गाडीनं जा. आत्ता नगं. शनवारी लोखंड घरात आनत न्हाईत.”